आधी भरण्याचे बूच

मोटारीच्या गिअरबॉक्सला तेलासाठी दोन बुचे असतात. एक तळाशी, ते काढले की जुने तेल खाली सांडते. दुसरे पेटीच्या अंगाला, जरा उंचावर. त्यातून नवे तेल भरायचे आणि भरता भरता ते त्याच छिद्रातून बाहेर ओघळू लागले की पेटी भरली असे समजायचे. तळाचे बूच काढणे कोणालाही जमते. अंगाचे बूच काढायचे तर हात तिथवर पोहोचला पाहिजे, पाना त्यावर बसला पाहिजे आणि बसलेल्या पान्याला फिरायला जागा पाहिजे. लहान स्पोर्ट्‌स कारमध्ये या तिन्ही गोष्टींची वानवा असते. म्हणून या कामातला पहिला नियम असा, की आधी भरण्याचे बूच सैल होते आहे याची खात्री करावी आणि मगच रिकामे करण्याच्या बुचाला हात लावावा. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी हा नियम मोडला आणि माझी गाडी नऊ दिवस चार लोखंडी घोड्यांवर, पेटीत तेल नसलेल्या अवस्थेत उभी राहिली. त्याच नऊ दिवसांत माझ्या एका जुन्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते टेबलावर पडून होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे पहिले चार-पाच दिवस तरी मला वाटले नव्हते.

गाडीविषयी थोडे सांगायला हवे; साहित्याच्या वाचकांनी तेवढे सहन करावे. माझी गाडी माझदा कंपनीची एमएक्स-५. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आले. दोनच आसने, वर कापडी टप, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. जपानी अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर होत्या त्या साठच्या दशकातल्या लहान, हलक्या ब्रिटिश गाड्या, विशेषतः लोटस एलान. तोपर्यंत ब्रिटनमधली ती परंपरा जवळजवळ संपली होती. एमजी मिजेट १९७९मध्ये बंद झाली, ट्रायम्फ स्पिटफायर १९८०मध्ये. मी राहते त्या कॉव्हेंट्रीच्या एका टोकाला कॅनली नावाचा भाग आहे. स्पिटफायर तिथेच बनत असे. आता त्याच गावात मी हिरोशिमात बनलेली गाडी चालवते. माझी १९९१ची, मूळ जपानी बाजारपेठेसाठी ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकलेली. जपानमध्येही चालक उजवीकडेच बसत असल्यामुळे अशा पुष्कळ जुन्या गाड्या पुढे जहाजातून इंग्लंडला आल्या. २०१७ साली मी ती का घेतली याचे समाधानकारक उत्तर मला आजवर घरातही देता आलेले नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी विचारले होते, “माझदा? आपली ती मिनीबसवाली?” पंजाबात तयार होणाऱ्या स्वराज माझदाच्या मिनीबसमधून ते कित्येक वर्षे चिंचवडला कंपनीत जात.

या गाड्यांची एक जगजाहीर खोड आहे. थंडीच्या सकाळी दुसरा गिअर पडताना अडखळतो. आतल्या पितळी कड्यांनी दोन चक्रांचे वेग जुळवून घ्यायचे असतात. तेल गारठून घट्ट झालेले असले, त्यातही जुने असले, की त्यांना ते चटकन जमत नाही. नव्या तेलाने फरक पडतो. दोन लिटर तेल आणि तासाभराचे काम, असा माझा हिशेब होता.

अडचण अशी की गिअरबॉक्स बसलेला असतो दोन आसनांच्या मधल्या बोगद्यात. चारी बाजूंनी पत्रा, खालून जाणारा सायलेन्सरचा नळ, आणि पेटीपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत गेलेला ॲल्युमिनियमचा एक लांबलचक सांगाडा. गाडी घोड्यांवर चढवली तरी खाली जेमतेम पाठीवर सरकता येईल इतकीच जागा राहते. डोके आत नेऊन बूच पाहावे तर हाताला वाट उरत नाही. हात घालावा तर बूच दिसत नाही. बघणे आणि करणे या क्रिया एकाच वेळी होऊ शकत नाहीत अशी ती जागा आहे. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जुनी मिजेट आहे. तिच्यात गाडीच्या आत बसून गालिचा उचलायचा, बोगद्याच्या पत्र्यातले रबरी झाकण काढायचे, की भरण्याचे बूच समोर येते. अभियंत्याला मालकाची दया आली असावी. माझ्या गाडीच्या अभियंत्यांनी दया वजनावर आणि तोलावर खर्च केली. दुरुस्तीच्या पुस्तिकेत या साऱ्या कामाला एक वाक्य आहे. बूच काढावे, तेल भरावे, बूच बसवावे. कर्ता नाही, शरीर नाही, अंतर नाही. समीक्षेतही आपण पुष्कळदा असेच लिहितो, पण ते असो.

तळाचे बूच चोवीसच्या पान्याला लगेच वश झाले. तेल काळपट, पातळ धारेने आले. बुचाच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची, मलमासारखी मऊ लोखंडाची भुकटी चिकटली होती. तीस वर्षे दात्यांनी एकमेकांना घासून जे गमावले त्यातले थोडे. मी ते पुसले, बूच परत बसवले आणि मग अंगाच्या बुचाकडे वळले. तिथे माझ्या आधी कोणीतरी जबर ताकदीने आवळून गेले होते. कोपरे किंचित गोलावलेले. पान्याला फिरायला जागा दोन बोटांची. शिवाय उताणे पडून, आडव्या तोंडाच्या बुचाखालून हात घातला की कुठली दिशा सैल करण्याची आणि कुठली आवळण्याची याचाच घोळ होतो. निवेदक कुठे उभा आहे हे ठरल्याशिवाय डावे-उजवे ठरत नाही, हे वर्गात इतकी वर्षे शिकवूनही मी दहा मिनिटे ते बूच आणखी आवळत होते. मग पाना सटकला आणि बोटांची सालटी गेली.

रविवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे अण्णांशी व्हिडिओवर बोलणे झाले. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्या भावाकडे राहतात. हाताला गुंडाळलेली पट्टी त्यांनी पाहिली. मी सगळे सांगितले. ते काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आधी वरचं सोडून बघितलं नाहीस?”

अण्णा छत्तीस वर्षे गिअर कापत होते. हॉबिंग मशीनवर. मळसूत्रासारखा एक कातणारा दंडगोल आणि त्याच्यापुढे अजून दाते न फुटलेली पोलादी चकती. दोघे ठरलेल्या प्रमाणात फिरत राहतात आणि चकतीला हळूहळू दाते येतात. त्यावर अखंड तेलाची धार. कापताना वापरायच्या त्या तेलात गंधक असे. धातू धातूवर प्रचंड दाबाने घासतो तेव्हा साधे वंगण फाटते. गंधकाची संयुगे पृष्ठभागावर एक पातळ थर धरतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. गिअरबॉक्सच्या तेलातही याच कारणासाठी गंधक घालतात. हे मला रसायनशास्त्रातून नव्हे, गाडीखाली पडल्या पडल्या नाकातून कळले. जुने तेल भांड्यात सांडू लागले आणि मला आमच्या घराच्या मोरीतला पत्र्याचा डबा आठवला. आई अण्णांचे कामाचे कपडे त्यात वेगळे भिजवायची. तो वास मी लहानपणी ‘कंपनीचा वास’ म्हणून ओळखत असे आणि मैत्रिणी घरी यायच्या असल्या की डबा मागच्या अंगणात नेऊन ठेवत असे. कंपनीत घरच्यांना बोलावण्याचा दिवस असे तेव्हा अण्णा भावाला बरोबर नेत. मला पुस्तके आणून देत. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पुस्तकांनी माझे भलेच झाले.

आता त्या मुद्रितांविषयी. १९९८ साली मी पीएच.डी. केली, साठोत्तरी मराठी कवितेतील कामगार हा विषय. २००३मध्ये त्याचे पुस्तक झाले. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६चे. त्या संग्रहापासून सुरुवात करून मी पुढच्या कवींपर्यंत आले होते. माझी सारी मांडणी परात्मभावाच्या कल्पनेवर उभी होती. मार्क्सची १८४४ची हस्तलिखिते त्या काळात आम्ही सगळेच झपाटल्यासारखी वाचत होतो. तिसऱ्या प्रकरणात माझे एक वाक्य आहे. यंत्रावर राबता राबता कामगाराचा हात यंत्राचाच एक भाग होतो आणि त्यातली संवेदना लोपते, अशा अर्थाचे. परीक्षणांत हे वाक्य दोनदा उद्धृत झाले. काही विद्यार्थ्यांनी ते माझ्यासमोर तोंडपाठ म्हणून दाखवले आहे.

अण्णांनी ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले होते. पूर्ण वाचले की नाही ठाऊक नाही, पण तिसरे प्रकरण वाचले. कारण समासात फक्त त्या वाक्यापाशी एक उभी रेघ होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, “संवेदना लोपली तर जॉब रिजेक्ट होईल.” एवढेच. मी हसले. हे रूपक आहे, अण्णा, असे काहीतरी म्हणाले. मनात मात्र असे वाटल्याचे स्पष्ट आठवते, की शोषिताला स्वतःच्या शोषणाचे भान नसते ते असे. त्यांच्या वाक्याला मी माझ्या सिद्धान्ताचा पुरावा केला. ज्या माणसाविषयी आपण लिहितो तो समोर बसून बोलू लागला की सिद्धान्ताला किती सोपी पळवाट असते!

तर अण्णांनी फोनवरून माझी शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी काहीच करायचे नाही. तारेच्या ब्रशने बुचाचे कोपरे साफ करायचे, गंज सोडवणारे तेल लावायचे आणि रात्रभर थांबायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उघड्या तोंडाचा पाना बाजूला ठेवायचा. गोलावलेल्या कोपऱ्यांवर तो घसरणारच. षट्कोनी कडीचा, आखूड दांड्याचा पाना आणायचा, जो सहाही बाजूंना धरतो. ओढत बसायचे नाही. अडकलेले बूच सततच्या जोराला दाद देत नाही, झटक्याला देते; पान्याच्या दांड्यावर हातोडीने लहान लहान ठोके द्यायचे. मी ठोके देत होते, फोन टायरला टेकवून ठेवला होता आणि पाच हजार मैलांवरून ते ऐकत होते. प्रत्येक ठोक्यानंतर एकच प्रश्न. “पाना हलला की बूच हलले?”

मला सांगता येत नव्हते. हा प्रश्न मी आठवडाभर ऐकला आणि आठवडाभर मला उत्तर देता आले नाही. पाना कोपऱ्यावर थोडा सरकला तरी हाताला हालचाल जाणवते, आणि बूच आट्यांत थोडे फिरले तरी जाणवते. दिसत तर काहीच नाही. अण्णा म्हणाले, “डोळे मीट.” मीटले, तसाही त्यांचा उपयोग नव्हता. मग ते सांगू लागले. पाना सरकतो तेव्हा कोरडा लागतो, टचकन सरकतो आणि पुढे हात मोकळा पडतो. बूच सुटते तेव्हा मऊ लागते, जडपणे येते, आणि ते येताना पान्याचा दांडा हातात भरलेलाच राहतो. ‘भरलेला’ हा त्यांचा शब्द. या अर्थाने मी तो कुठल्याही कवितेत वाचलेला नाही.

नवव्या दिवशी बूच सुटले. मऊ, जड, आणि दांडा हातात भरलेला. आवाज आला नाही. मी डोळे मिटूनच ओरडले, “बूच, अण्णा, बूच हलले!” त्यांनी विचारले, “नक्की?” आणि मला नक्की ठाऊक होते. कसे, ते सांगता आले नसते. मायकेल पोलान्यी यांनी १९६६मध्ये अशा न सांगता येणाऱ्या ज्ञानावर लहानसे पुस्तक लिहिले. सुर्व्यांच्या संग्रहाचेच वर्ष. माझ्या संदर्भसूचीत ते होते. नावापुरते.

पुढचे फिरवणे जिकिरीचे होते, अवघड नव्हते. पाना पाव वळसाही फिरत नव्हता. तेव्हा अण्णांनी उघड्या तोंडाचा पाना परत आणायला लावला. त्याचे तोंड दांड्याशी पंधरा अंश कललेले असते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. तीस अंश फिरवायचा, काढायचा, उलटा करायचा, पुन्हा बसवायचा. उलटा केला की कल दुसऱ्या बाजूला जातो आणि कोपरे पुन्हा तोंडात येतात. सरळ पान्याला साठ अंश लागले असते, तेवढी जागा तिथे नव्हती. कोण्या कारागिराने शेकडो वर्षांत कधीतरी अडचणीत पडून हे शोधले असणार. प्रत्येक टपरीवरच्या पान्यात ते आहे, आणि मी त्याला वस्तूचा वाकडेपणा समजत होते.

इथे मला स्वतःला थोडे थांबवले पाहिजे. नऊ दिवस गाडीखाली लोळून मी कामगार झाले नाही. रविवारी दुपारी, चहा पिऊन, कंटाळा आला की उठता येईल अशा बोलीवर केलेले काम आणि रात्रपाळीत ठरलेला आकडा पूर्ण करायचे काम यांत मोठे अंतर आहे. अण्णांनाच हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तू एक बूच नऊ दिवसांत सोडलंस. आमच्याकडे तुला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं.” त्यांनी त्या यंत्रावर प्रेम केले असेही मी म्हणणार नाही. टाळेबंदीचे सात महिने त्यांनी घरात ज्या शांततेने काढले ती मला आठवते. निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ त्यांनी कधी भिंतीला लावले नाही. तेव्हा परात्मभाव खोटा होता असे नाही. पण तो कुठे होता, हे मी चुकीचे सांगितले. तो वेळापत्रकात होता, मजुरीच्या पाकिटात होता, दाते कुठल्या गाडीत जाणार हे कधीही न कळण्यात होता. बोटांत नव्हता. कापलेल्या दात्यावरची बर ते नखाने तपासत, आणि मापाचे उपकरण लावण्याआधी त्यांना माप कळलेले असे. तो हातच तेवढा त्यांचा स्वतःचा उरला होता, आणि नेमका तोच मी छापील पानावर यंत्राला देऊन टाकला.

तेल भरायला दोन माणसे लागतात. बाटली तोंडाशी नेऊन तिरपी करायला खाली जागाच नसते. म्हणून इंजिनाच्या बाजूने वरून एक लांब नळी सोडायची, तिचे टोक छिद्रात खुपसायचे आणि वर नरसाळे लावायचे. तेल थंडीत मधासारखे उतरते. बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवाव्या लागल्या. माझी मुलगी वरून ओतत होती. गाडी चारी बाजूंनी सारखी उचललेली असावी लागते, नाहीतर छिद्रातून तेल ओघळले तरी पातळी खरी नसते. मी खाली बोट वाकवून छिद्रात घालून पाहत होते. आधी कोरडे, मग बोटाचे टोक ओले, मग काठापर्यंत. “पुरे!” म्हणून मी ओरडले आणि वरून मुलीने इंग्रजीत विचारले की पुरे म्हणजे थांबू का संपू दे.

शेवटी बूच परत लावायचे होते. न बघता आट्यांत आटे बसवणे हेच सर्वांत धोक्याचे. तिरके बसले आणि जोर लावला तर पेटीच्या ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात. अण्णांना ते दाखवून द्यायचे होते. त्यांनी औषधाची बाटली घेतली. म्हणाले, आधी उलटे फिरवायचे, सोडवण्याच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. एका जागी बोटाला टक्‌ लागते. आट्याचे तोंड आट्यात पडलेले असते. तिथून पुढे फिरवायचे. हे बोलता बोलता ते बाटलीचे झाकण उलटे फिरवत होते. एकदा, दोनदा, तीनदा. झाकण फिरतच राहिले. मग ते तिरके बसले, मग खाली पडले. मधुमेहाने त्यांची बोटे गेली दोन वर्षे बधिर आहेत. शर्टाची बटणे वहिनी लावून देते, हे मला माहीत होते. पण ते मी माहीत असण्याच्या पद्धतीने माहीत करून घेतले होते. वहिनीने झाकण उचलून दिले. अण्णांनी ते हातात धरून ठेवले, बाटलीवर टेकवले नाही. “मला आता टक्‌ लागत नाही,” म्हणाले. “तुला लागेल. बघ.”

मी आत हात घातला आणि उलटे फिरवू लागले. लागले.

मुद्रिते मी दुसऱ्या दिवशी घेतली. ते वाक्य काढून टाकायचा मोह झाला, पण जे वाक्य इतक्यांनी इतकी वर्षे वापरले ते गुपचूप नाहीसे करणे म्हणजे तळाचे बूच काढून निघून जाणे. मी ते ठेवले. त्याखाली तळटीप घातली, की हे विधान मला आता चुकीचे वाटते. आणि का, ते दोन परिच्छेदांत. अण्णांचे ते जुने वाक्यही त्यात जसेच्या तसे घेतले आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवले. नाव नको म्हणाले. मी सुचवले, ‘एका फिटरने मला सांगितले’ असे लिहू का? ते जरा रागावलेच. फिटर वेगळा, म्हणाले. हॉबिंग ऑपरेटर लिही.

मग त्यांनी विचारले, दुसरा गिअर आता पडतो का? पडतो, मी म्हणाले. अगदी गार सकाळी अजून थोडा अडतो.